विश्लेषण : ‘प्रॉडक्ट मॅनेजर’च्या मदतीला ‘एआय’… काम झटपट, पण निर्णय कोणाचा?

मोबाइल अ‍ॅपमध्ये एखादे बटण कुठे असेल, कोणती सुविधा आधी येईल आणि कोणती कधीच येणार नाही, हे ठरवणाऱ्या ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ मंडळींच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता अर्थात ‘एआय’ने शिरकाव केला आहे. कॅनडातील ‘शॉपिफाय’ कंपनीचे मुख्याधिकारी टोबी लुटके यांनी एप्रिल २०२५मध्ये कर्मचाऱ्यांना टिपण पाठवले. जादा माणूस मागण्यापूर्वी ते काम ‘एआय’कडून का होणार नाही हे आधी दाखवा, असे त्यात बजावले होते. अशा दबावात या तंत्रज्ञानाचा वापर नेमका कुठे करावा आणि कुठे थांबावे?

प्रॉडक्ट मॅनेजर नेमके काय करतो?

या पदाचे मूळ साबणाच्या धंद्यात आहे. ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’मध्ये ‘कॅमे’ साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी १९३१मध्ये व्यवस्थापनाला टिपण लिहून, प्रत्येक ब्रँडची संपूर्ण जबाबदारी घेणारा माणूस हवा, असे सुचवले. हेच मॅकेलरॉय १९५७मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. सॉफ्टवेअर उद्योगाने पुढे ही कल्पना उचलली. आज प्रॉडक्ट मॅनेजर अभियंते, डिझायनर, विक्री विभाग आणि ग्राहक यांच्यामधला दुवा असतो. अभियंते बहुधा त्याच्या हाताखाली नसतात, पण उत्पादन फसले तर बोट त्याच्याकडेच दाखवले जाते. त्याच्यापुढचे प्रश्न चार : ग्राहकाला हे हवे आहे का, त्याला ते वापरता येईल का, आपल्याला बनवता येईल का आणि धंद्याला परवडेल का.

‘एआय’ची मदत कुठे होते?

या कामाचा मोठा भाग वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. अ‍ॅप स्टोअरवरील हजारो अभिप्राय, ग्राहक सेवा केंद्राकडे आलेल्या तक्रारी, ग्राहकांच्या तासतासभराच्या मुलाखती हे सारे एका माणसाने वाचणे अशक्यच. ‘एआय’ त्यांचे विषयवार गट काही मिनिटांत पाडून देते. बैठकीचे टिपण, नव्या सुविधेचा कच्चा आराखडा, चाचणीसाठीची यादी यांचे पहिले खर्डेही झटपट होतात. सर्वांत मोठा बदल नमुन्यांबाबत झाला आहे. पूर्वी एखादी कल्पना पडद्यावर चालताना दिसायला डिझायनर आणि अभियंत्याचे काही दिवस खर्ची पडत. आता साध्या वाक्यांत वर्णन करून दुपारपर्यंत कामचलाऊ नमुना तयार होतो आणि संध्याकाळी तो पाचसहा ग्राहकांच्या हाती देता येतो. तयार आराखड्यातील त्रुटी दाखवायला सांगणे, हाही ‘एआय’चा चांगला उपयोग.

मग गफलत कुठे होते?

समजा, पैसे पाठवण्याच्या एखाद्या अ‍ॅपवर ‘वा, काय अ‍ॅप आहे! एका रिक्षाचे तीनदा पैसे कापले’ असा अभिप्राय आला. मराठी माणसाला त्यातला टोमणा लगेच कळतो. हेच वाक्य रोमन लिपीत, घाईघाईत, अर्धे हिंदीत लिहिलेले असेल तर यंत्र त्याला ‘समाधानी ग्राहक’ या गटात टाकू शकते. भारतातील बऱ्याच तक्रारी अशाच मिश्र भाषेत असतात. शिवाय, मोजदाद करताना भाषिक प्रारूपे चुकतात. ‘इतके टक्के ग्राहक नाराज’ असा आकडा ती बिनदिक्कत देतात, पण तो मोजून काढलेला असेलच असे नाही. त्यामुळे प्रत्येक निष्कर्षासोबत ग्राहकांची मूळ वाक्ये मागणे, त्यांतील पन्नासएक स्वतः वाचणे आणि मोजणीचे काम साध्या तक्त्यावर किंवा संगणकीय आज्ञावलीवर सोपवणे, ही पथ्ये पाळावी लागतात. तसेच, वैतागून अ‍ॅप काढून टाकणारा ग्राहक अभिप्राय लिहीतच नाही. त्याचे म्हणणे ‘एआय’ने रचलेल्या काल्पनिक ग्राहकाला विचारून कळत नाही, त्यासाठी फोनच करावा लागतो.

‘क्लार्ना’च्या अनुभवातून काय दिसते?

‘आधी खरेदी, मग पैसे’ ही सेवा देणाऱ्या स्वीडनच्या ‘क्लार्ना’ कंपनीने फेब्रुवारी २०२४मध्ये मोठा दावा केला. तिच्या ‘एआय’ सहाय्यकाने पहिल्याच महिन्यात २३ लाख संवाद हाताळले, म्हणजे ग्राहक सेवेतील एकूण संवादांपैकी दोनतृतीयांश. हे ७०० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांचे काम असून, तक्रार निवारणाचा वेळ ११ मिनिटांवरून दोन मिनिटांच्या आत आला, असेही कंपनीने सांगितले. मे २०२५मध्ये मात्र मुख्याधिकारी सेबॅस्टियन सिमियात्कोव्स्की यांनी खर्चाला जरा जास्तच महत्त्व दिले गेले आणि त्यातून दर्जा घसरला, अशी कबुली दिली. ग्राहकाला माणसाशी बोलण्याचा पर्याय हवाच, अशी भूमिका घेत कंपनीने पुन्हा माणसे नेमण्यास सुरुवात केली. ‘एआय’ सहाय्यक बंद झाला नाही, पण त्याच्या कामाची मर्यादा नव्याने आखावी लागली. ‘हप्ता कधी आहे?’ या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत मिळणे चांगलेच, पण फसवणूक झालेल्या ग्राहकासाठी ती दोन मिनिटे पुरेशी नसतात. सरासरीच्या आकड्यात हे दोघे एकाच रांगेत उभे राहतात. कोणता आकडा यशाचा मानायचा, हे ठरवणे प्रॉडक्ट मॅनेजरचेच काम आहे.

चूक झाल्यास जबाबदार कोण?

याचे उत्तर ‘एअर कॅनडा’ प्रकरणात मिळाले. आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला विमान कंपनीच्या चॅटबॉटने, तिकीट काढल्यावर ९० दिवसांत सवलतीसाठी अर्ज करता येईल, असे सांगितले. प्रत्यक्षात तसा नियम नव्हता. चॅटबॉट स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार आहे, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४मध्ये ब्रिटिश कोलंबियातील लवादाने तो फेटाळला आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्याचा आदेश दिला. रक्कम किरकोळ होती, पण यंत्राने दिलेले आश्वासन हे कंपनीचेच आश्वासन, हे स्पष्ट झाले.

दुसरा धोका गोपनीयतेचा. कर्मचाऱ्यांनी अंतर्गत आज्ञावली ‘चॅटजीपीटी’मध्ये टाकल्याचे उघड झाल्यावर ‘सॅमसंग’ने मे २०२३मध्ये अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली होती. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३मध्ये संमत झाला असून, विदा सुरक्षेत हलगर्जी झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ग्राहकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक न गाळता तक्रारींची फाइल बाहेरच्या ‘एआय’ सेवेत टाकणे म्हणूनच महागात पडू शकते.

वेळ खरोखर वाचतो का?

नेहमीच नाही. ‘मीटर’ या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२५मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरवर प्रयोग केला. ‘एआय’ वापरताना त्यांना कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावरही आपण २० टक्के वेगाने काम केले, असेच त्यांना वाटत होते. प्रयोग लहान होता आणि साधने झपाट्याने सुधारत आहेत. तरीही, वेळ वाचल्याचा भास आणि वाचलेला वेळ यांतला फरक मोजल्याशिवाय कळत नाही, एवढे त्यातून दिसते.

नोकऱ्यांवर काय परिणाम?

सॉफ्टवेअर बनवणे स्वस्त होत असताना, काय बनवायचे हे ठरवणे हाच आता अडसर ठरतो आहे, असे मत ‘एआय’ तज्ज्ञ अँड्र्यू एनजी यांनी मांडले आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा. पुण्यात १९९०मध्ये सुरू झालेल्या ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’सारख्या कंपन्या इतरांची उत्पादने घडवून मोठ्या झाल्या. काय हवे ते बहुतेकदा परदेशातील ग्राहक कंपनी ठरवत असे, ते बनवण्याचे काम इथे होई. बनवण्याच्या कामाचे मोल घटत जाणार असेल, तर इथल्या अभियंत्यांना ठरवण्याच्या कामाकडे सरकावे लागेल. केवळ बैठकांची टिपणे आणि अहवाल तयार करणाऱ्यांची गरज कमी होईल. ग्राहकाच्या दुकानात जाऊन त्याची अडचण पाहणारा, चारजणांना पटणारी कारणे देऊन एखादी सुविधा नाकारणारा आणि निर्णय चुकला तर तो आपला होता असे सांगणारा माणूस मात्र कंपन्यांना लागणारच आहे.