चालतंय तोवर हात लावू नकोस

आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की ते फ्रेम करून रिसेप्शनला लावायला हरकत नाही. "चालतंय ना? मग हात लावू नकोस." सांगणारा ते अनुभवाचं शहाणपण म्हणून सांगतो. माझ्या मते ही निव्वळ उधारी आहे, आणि ती फेडायची वेळ येते तेव्हा सांगणारा बहुधा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

मी ज्या यंत्रणेबद्दल बोलतोय ती या धंद्याबाहेरच्या माणसाला कधी दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. प्रोग्रामर कोड लिहितात. तो गोळा करणं, बांधणं, तपासणं आणि शेवटी खऱ्या सर्व्हरवर नेऊन ठेवणं, ही कामं माणसाने हाताने न करता एका मधल्या सर्व्हरवर सोपवायची, याला कंटिन्युअस डिलिव्हरी म्हणतात. जेनकिन्स हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा गडी. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना तो 'हडसन' या नावाने लिहिला. सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर नावावरून भांडण झालं आणि २०११ साली त्याचं जेनकिन्स झालं. फुकट, मुक्त, आणि सोबत हजारावर प्लगिन. त्यामुळे तो सगळीकडे पोचला आणि पोचला तिथे तसाच पडून राहिला.

या विषयावरचं जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांचं जाडजूड पुस्तक २०१० साली आलं. त्याचा एकूण रोख असा, की वर्षातून एकदा मोठा बदल करून जीव मुठीत धरण्यापेक्षा छोटे बदल वरचेवर करावेत. कॉन्फरन्समध्ये या तत्त्वाच्या स्लाइड दाखवणारे लोक मला चांगले ठाऊक आहेत. ग्राहकाचं ॲप ते दिवसातून वीस वेळा बदलतात. ज्या सर्व्हरवरून हे बदल जातात, तो मात्र सात-सात वर्षं बदलत नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझ्या वाट्याला जो सर्व्हर आला त्यावर जेनकिन्सची २.६०.३ ही आवृत्ती होती. म्हणजे २०१७ सालची. तो ज्याने उभारला तो कॅनडात स्थायिक झालाय. उरलेल्यांनी त्याचा ग्रामदेव करून टाकला होता. लांबून नमस्कार करायचा, नैवेद्य म्हणून अधूनमधून डिस्क वाढवून द्यायची, गाभाऱ्यात कुणी जायचं नाही. मॅनेजर म्हणाले, "एका शनिवारात करून टाक ना. नवीन वॉर फाइल टाकायची, रीस्टार्ट मारायचा."

एका शनिवारात होत नाही. का होत नाही, हेच या लेखाचं भांडण आहे.

२०१७ ते २०२४ या काळात जेनकिन्सने पाच मोठी वळणं घेतली. २०१८ मध्ये २.१०७ पासून, डिस्कवर साठवलेल्या गोष्टींपैकी कोणत्या प्रकारच्या वस्तू परत वाचायच्या याची परवानगी-यादी आली, आणि यादीबाहेरच्या वस्तू वापरणारे जुने प्लगिन अडखळू लागले. २०२० मध्ये एजंटांशी बोलण्याच्या जुन्या पद्धती गेल्या, म्हणजे प्रत्येक एजंटवरची जार फाइल नवी करणं आलं. २०२१ च्या २.२७७ मध्ये सेटिंगच्या पानांची मांडणी बदलली, आतली सुरक्षेची लायब्ररी बदलली, आणि वर्षानुवर्षं न सांभाळलेल्या प्लगिनांचे फॉर्म मोडले. २०२२ मध्ये २.३६१ ला जावा ११ सक्तीचं झालं, २०२४ मध्ये २.४७९ ला जावा १७. हे सगळं प्रकल्पाने अपग्रेडच्या मार्गदर्शिकेत आवृत्तीवार, स्वच्छ लिहून ठेवलंय. लपवलेलं काही नाही. साधारण दर बारा आठवड्यांनी नवी एलटीएस शाखा येते. तेव्हाच्या तेव्हा घेतली असती तर प्रत्येक वेळी एक दुपार गेली असती.

सात वर्षांचं एकदम करायला आम्हाला सहा आठवडे लागले. आम्ही म्हणजे मी आणि कंत्राटावर घेतलेली एक सहकारी. आधी सगळ्या होम फोल्डरची वेगळ्या मशीनवर प्रत केली. इथे एक सूचना, कारण ती मला कुठल्याच मीटिंगमध्ये ऐकू आलेली नाही. प्रत सुरू करण्याआधी तिचं नेटवर्क तोडा. आपण प्रत आहोत हे प्रतीला ठाऊक नसतं. रात्रीचे दोन वाजले की तीही इमानेइतबारे प्रॉडक्शनवर डिप्लॉय करायला निघते. मग एकेक टप्पा. आवृत्ती चढवायची, प्लगिन त्या आवृत्तीला जुळवायचे, लॉग वाचायचा, एजंट जोडून पाहायचे, निवडक जॉब चालवायचे, बॅकअप घ्यायचा, पुढे जायचं. एकशे बारा प्लगिन होते. त्यातले एकेचाळीस कुणीच वापरत नव्हतं. ते काढले तेव्हा अर्धी डोकेदुखी तिथेच गेली. कुणी, का टाकले होते हे विचारायला माणूसच उरला नव्हता.

आता समोरची बाजू. पहिला युक्तिवाद असा, की सर्व्हर आतल्या नेटवर्कवर आहे, बाहेरच्याला दिसतच नाही, घाई कसली? २४ जानेवारी २०२४ ला जेनकिन्सने एक भोक जाहीर केलं. कमांड-लाइनच्या आज्ञेत ॲट चिन्हापुढे फाइलचं नाव लिहिलं, की ते नाव जाऊन तिथे फाइलमधला मजकूर येत असे. ही सोय मुळात एका लायब्ररीची. तिचा परिणाम असा, की लॉगिन न करणाऱ्यालाही सर्व्हरवरच्या फाइलींच्या सुरुवातीच्या काही ओळी वाचता येत, आणि नुसती पाहण्याची परवानगी असलेल्याला अख्ख्या फाइली. जेनकिन्समध्ये साठवलेले पासवर्ड कुलूपबंद असतात हे खरं, पण त्या कुलपाच्या किल्ल्याही त्याच होम फोल्डरमध्ये असतात. दुरुस्ती त्याच दिवशी आली, २.४४२ आणि एलटीएस २.४२६.३ मध्ये.

त्यानंतर सहा महिन्यांनी, ३१ जुलै २०२४ ला, एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला किरकोळ पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं, कारण तिच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता होती. ही कंपनी सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. सुमारे तीनशे छोट्या बँकांचे ग्राहक अडकल्याच्या बातम्या आल्या. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने आपल्या अहवालात म्हटलं, की हल्ल्याची सुरुवात तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या नीट न बांधलेल्या जेनकिन्स सर्व्हरवरून, याच भोकातून झाली. सहकारी बँक म्हणजे कुणाचे पैसे, हे मराठी वाचकाला मी सांगायची गरज नाही. 'आतलं नेटवर्क' म्हणताना आपण आपल्या भिंती मोजतो, भागीदारांच्या मोजत नाही.

दुसरा युक्तिवाद: जुनं सोडा, सगळं क्लाउडवर न्या. जरूर न्या. पण ते अपग्रेडमधून सुटका म्हणून नेणार असाल तर फसाल. मार्च २०२५ मध्ये गिटहब ॲक्शन्सवरचा 'टीजे-ॲक्शन्स' नावाचा लोकप्रिय तुकडा कुणीतरी बदलला, आणि तेवीस हजारांहून अधिक ठिकाणी वापरला जाणारा तो तुकडा गुपितं लॉगमध्ये ओतू लागला. यावर 'हात लावू नकोस'वाले टाळ्या वाजवतील, कारण ज्यांनी जुना, तपासलेला कमिट ठरवून धरून ठेवला होता ते वाचले आणि टॅगच्या मागे जाणारे सापडले. त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. ताजं म्हणजे सुरक्षित असं नव्हे. म्हणून मी रोज नवी आवृत्ती घ्या म्हणत नाही, एलटीएस घ्या म्हणतो, तीही आधी प्रतीवर चालवून. पण जाणून धरून ठेवणं वेगळं आणि विसरून जाणं वेगळं. २.६०.३ कुणी धरून ठेवलेलं नव्हतं.

तिसरा युक्तिवाद कुणी तोंडाने बोलत नाही, पण खरा तोच: "यात बिझनेस व्हॅल्यू काय?" कोकणात मिरगाच्या आधी घर शाकारतात. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा चढवायची. शाकारणाऱ्या गड्याला 'यंदा घरात नवीन काय केलंस?' असं कुणी विचारत नाही, आणि त्याची मजुरीही थकवत नाही. आमच्याकडे वर्षाअखेरीच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'नवीन काय दिलं' याला चार रकाने आहेत. 'काय मोडू दिलं नाही' याला एकही नाही. परिणाम ठरलेला आहे. हुशार पोरं अशा कामापासून लांब पळतात आणि ते जाऊन पडतं कंत्राटी माणसांच्या, नवख्यांच्या, नाही म्हणता न येणाऱ्यांच्या अंगावर. त्यांना शनिवारची रात्र दिली जाते, परत फिरण्याची वाट दिली जात नाही, आणि काही मोडलं तर ई-मेलमध्ये सगळ्यांत वर त्यांचंच नाव असतं.

माझी मागणी लहान आहे. दर बारा आठवड्यांनी एक दिवस, कामाच्या वेळेत, पगारी माणसाच्या नावावर. त्याच्या हाताशी प्रत करायला एक मशीन. आणि फॉर्ममध्ये एक रकाना. सहा आठवड्यांच्या त्या कामानंतर मी हे तीन मुद्दे लिहून वर पाठवले. त्या सहकारीचं कंत्राट दरम्यान संपलं आणि वाढवलं गेलं नाही, कारण प्रोजेक्ट 'पूर्ण' झाला होता. मशीन मिळालं. रकान्याबद्दल एचआरने 'नोंद घेतली आहे' असं कळवलं. पुढची एलटीएस येऊन पाच आठवडे झालेत, ती प्रतीवर नीट चालतेय, आणि प्रॉडक्शनवर चढवायच्या मंजुरीसाठी टाकलेलं तिकीट अजून उघडंच आहे. त्यावर एकच कॉमेंट आहे, माझ्या वरिष्ठांची: सध्याचं चालतंय ना?