भाड्याच्या घरातील तिसरा डोळा

सुटीसाठी भाड्याने घेतलेले घर दोन दिवसांपुरते का होईना, पाहुण्याचेच असते. 'एअरबीएनबी'ने ३० एप्रिल २०२४ पासून घरातील कॅमेऱ्यांवर जगभर बंदी घातली. तोवर पूर्वसूचना देऊन दिवाणखान्यात कॅमेरा लावण्याची मुभा घरमालकांना होती.

मात्र हा एका कंपनीचा नियम आहे, कायदा नव्हे. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई गुप्तांगांच्या चोरट्या चित्रणापुरते मर्यादित आहे. दिवाणखान्यातील कॅमेरा त्यात बसेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. परंतु परस्पर फोनवरून बंगला ठरविणाऱ्या पर्यटकापर्यंत तो हक्क पोहोचणार कसा? गोव्यात अशा घरांना पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. कॅमेऱ्यांविषयीची अट त्या नोंदणीतच घालणे, हा त्यावरील सोपा मार्ग ठरू शकतो.