जेलिकोचा अपराध कोणता?

इंग्रजी आरमाराच्या इतिहासावर लिहिणारांमध्यें एक रीत पडून गेली आहे. अॅडमिरल जेलिकोचें नांव निघालें कीं प्रथम त्याच्या सावधगिरीची स्तुति करावयाची, आणि त्याच स्तुतीच्या पोटांतून हळूच असें सुचवावयाचें कीं, त्याच्या जागीं दुसरा कोणी असता तर जटलंडची लढाई एका संध्याकाळींच निकालांत निघाली असती. हा दुसरा कोणी म्हणजे अर्थातच डेव्हिड बीटी. त्याची ती कलती टोपी आणि आठांऐवजीं सहाच गुंड्यांचा कोट एकदां डोळ्यांसमोर आला कीं वाचकाचें मन निकाल देऊन मोकळें होतें. टोपी तिरपी घालणाराविषयीं आम्हांस राग नाहीं. पण ती सरळ घालणारा मनुष्य तेवढ्यावरून भेकड ठरूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

ज्याला भेकड म्हणावयाचें त्याचें पूर्वचरित्र तरी पाहावें. १८५९ सालीं साउदॅम्प्टन येथें जन्मलेला हा मुलगा १८७२ त आरमारी शिक्षणास लागला. १८९३ च्या जूनमध्यें त्रिपोलीजवळ अॅडमिरल ट्रायनच्या एका चुकीच्या हुकुमामुळें 'व्हिक्टोरिया' व 'कँपरडाउन' या जहाजांची टक्कर झाली आणि साडेतीनशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्या वेळीं 'व्हिक्टोरिया'वरील आपल्या खोलींत तापानें पडून असलेला जेलिको तसाच वर आला व समुद्रांतून कसाबसा वांचला. पुढें १९०० सालीं चीनमध्यें पेकिंगकडे निघालेल्या सेमूरच्या तुकडींत असतां त्याच्या छातींत गोळी शिरली. जखम प्राणघातक आहे असें त्यास सांगण्यांतहि आलें होतें. ती गोळी त्यानें जन्मभर फुफ्फुसांत वागविली.

आतां ३१ मे १९१६ कडे वळूं. उत्तर समुद्रावर त्या दिवशीं दोन्ही पक्षांचीं मिळून २५० जहाजें होतीं. बीटीकडे पुढें जाऊन शत्रूस हुडकण्याचें व त्याची खबर पाठविण्याचें काम होतें. शत्रु त्यास सांपडला, आणि 'इन्डिफॅटिगेबल' व 'क्वीन मेरी' हीं दोन मोठीं जहाजें त्यानें गमावलीं, पण खबर? सायंकाळीं सहाच्या सुमारास जेलिकोनें त्यास शत्रूचें मुख्य आरमार कोठें आहे असें विचारलें. उत्तर अपुरें आलें. पुन्हां विचारावें लागलें. चोवीस युद्धनौका सहा रांगांतून येत होत्या. त्यांची एक रांग करावयाची ती कोणत्या बाजूस, हें धुरांत व धुक्यांत, अर्धवट माहितीवर, मिनिटा-दोन मिनिटांत ठरवावयाचें होतें. जेलिकोनें डाव्या बाजूचा हुकूम दिला, आणि जर्मन सेनापति शीअर याच्यापुढें एकाएकीं इंग्रजी तोफांची कमान आडवी उभी राहिली. शीअरला पाठ फिरवावी लागली. तो पुन्हां आला, आणि पुन्हां त्याला पाठ फिरवावी लागली. ज्याला आपण धाडस म्हणतों त्याहून हें कर्म कमी दर्जाचें कां मानावें?

टीकाकार म्हणतात, दुसऱ्या खेपेस जर्मन विनाशिकांनीं टॉर्पेडो सोडले तेव्हां जेलिकोनें आपलीं जहाजें शत्रूपासून दूर वळविलीं. वळविलीं, हें खरें. परंतु टॉर्पेडो व पाणसुरुंग यांच्या भीतीमुळें मागें हटणाऱ्या शत्रूच्या मागें आपण आंधळेपणानें जाणार नाहीं, हें त्यानें ३० ऑक्टोबर १९१४ रोजींच आपल्या वरिष्ठांस लेखी कळविलें होतें, आणि त्यांनीं त्यास मान्यता दिली होती. इंग्लंडचें अन्न समुद्रावरून येत असे. तें आरमार बुडालें असतें तर युद्ध हातचें गेलें असतें. शीअरचें बुडालें असतें तरी जमिनीवरचें युद्ध दुसऱ्या दिवशीं संपलें नसतें. हा हिशेब ज्यास समजला तो भित्रा, आणि ज्यास समजला नाहीं तो शूर, असा न्याय आम्हांस तरी मान्य नाहीं.

त्या रात्रीं शीअर कोणत्या वाटेनें घरीं निघाला आहे, याचा महत्त्वाचा पुरावा देणारे जर्मन संदेश लंडनमध्यें उलगडले गेले होते. ते जेलिकोस कळविलेच नाहींत. इंग्रजांचीं १४ जहाजें व ६,००० हून अधिक माणसें गेलीं, जर्मनांचीं ११ जहाजें व २,५०० हून अधिक. हे आंकडे जेलिकोच्या नांवावर मांडण्यांत येतात. मात्र इंग्रजांच्या मृतांपैकीं निम्म्याहून अधिक लोक स्फोट होऊन बुडालेल्या तीन बॅटलक्रूझरांवरचे होते, आणि त्यांपैकीं दोन जेलिको रणांगणांत पोंचण्यापूर्वींच गेल्या होत्या, हें सांगण्यास कोणी थांबत नाहीं.

आमचा खरा राग यापुढच्या प्रकरणाविषयीं आहे. १९१९ सालीं कॅप्टन हार्पर याच्याकडे लढाईची केवळ घटनाक्रमानुसार नोंद तयार करण्याचें काम दिलें होतें. ती तयार होते न होते तोंच बीटी आरमाराचा मुख्य अधिकारी झाला. मग नोंदींत बदल सुचविण्यांत आले, हार्परनें हरकत घेतली, आणि छापावयाचा मजकूर वर्षानुवर्षे पडून राहिला. तो उजेडांत आला १९२७ सालीं! दरम्यान खात्याच्या अंतर्गत वापरासाठीं तयार झालेला दुसरा वृत्तांत इतका एकतर्फी निघाला कीं, त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम द्यावा लागला. ज्याच्या कृत्यांची चौकशी व्हावयाची त्याच्याच हातीं चौकशीचें दप्तर. आमच्या खेड्यांतील पंचहि असला निवाडा मान्य करणार नाहींत. जेलिको या काळांत काय करीत होता? १९१९ च्या मार्चमध्यें तो साम्राज्याच्या आरमारी संरक्षणाची पाहणी करण्यासाठीं मुंबईस आला होता, आणि १९२० पासून चार वर्षे न्यूझीलंडचा गव्हर्नर-जनरल होता.

जेलिको निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. एका अॅडमिरलच्या हुकुमास कोणी उलट विचारलें नाहीं म्हणून 'व्हिक्टोरिया' बुडालेली ज्यानें पाहिली, त्यानेंच पुढें आपल्या हाताखालच्यांसाठीं हुकुमांचें जाडजूड बाड तयार करावें, हें चमत्कारिकच. १९१७ च्या एप्रिलमध्यें पाणबुड्यांनीं एका महिन्यांत आठ लक्ष टनांहून अधिक जहाजें बुडविलीं, तेव्हां व्यापारी जहाजांचे तांडे करून त्यांस पहारा देण्याच्या योजनेविषयीं तो फार काळ साशंक राहिला. त्याचा थकलेला, निराश सूर त्या दिवसांत देशास परवडणारा नव्हता. यावर कोणी टीका केली तर आम्ही तींत सामील होऊं. २४ डिसेंबर १९१७ रोजीं, नाताळच्या पूर्वसंध्येस, गेडीसनें एका पत्रानें त्याला काढून टाकलें. काढण्याची रीत ओंगळ असली तरी कारणें होतीं. पण तांड्यांच्या त्या रुक्ष प्रकरणांत टोपी नाहीं, तोफ नाहीं, म्हणून टीकाकार तेथें फारसे रमत नाहींत.

१९३५ च्या नोव्हेंबरांत सेंट पॉल्समध्यें जेलिकोचा दफनविधि झाला. बीटी त्या वेळीं अतिशय आजारी होता. तरीहि तो अंत्ययात्रेंत चालला. पुढच्याच मार्चमध्यें तोहि गेला, आणि त्याच मंदिरांत त्यास पुरण्यांत आलें.