गढी दाखवता, मग मोळीही दाखवा



मागच्या महिन्यात मी एक गढी बघून आलो. शहरातल्या पोरापोरींनी भरलेली गाडी होती, 'वारसा सहल' म्हणून निघालेली. गढी आमच्या बीड जिल्ह्यातली, माझ्या आजोळच्या गावची. गावाचं नाव लिहीत नाही. अशा गढ्या मराठवाड्यात गावोगाव आहेत आणि सगळ्यांची गोष्ट एकच आहे.

दरवाजात तिकीट फाडलं. वाटाड्या तरणाबांड, चुणचुणीत. त्यानं बुरूज दाखवले, सागवानी खांब दाखवले, धान्याचं पेव, तळघर, आतली विहीर, मागची बाग. कुठला पाहुणा कुठं उतरायचा तेसुद्धा त्याला पाठ. तासभर बोलला. त्या तासाभरात राबणाऱ्या माणसाचा एक शब्द नाही. जणू गढी पावसाळ्यात आपोआप उगवली!

मी विचारलं, "ही एवढी पांढरी माती कुणी वाहिली?"

म्हणाला, "असतील त्या काळचे मजूर."

मजूर? अरे, मजुराला मजुरी असते. माझी आजी लहानपणी तिच्या आईबरोबर ह्याच दारात सरपणाच्या मोळ्या टाकायला यायची. आत पाऊल टाकायचं नाही. मोळी बाहेर टाकायची, वरून टाकलेली शिळी भाकर पदरात झेलायची आणि सावली पडू न देता माघारी फिरायचं. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. आजीनं जन्मभर न ओलांडलेला उंबरा मी तिकीट काढून ओलांडला. आत बघतो तर तिचा मागमूस नाही. तेव्हा शरीर बाहेर ठेवलं होतं, आता आठवणही बाहेर ठेवली.

हा धंदा फक्त इथलाच नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. १९७२ साली आपल्या पोरांनी 'पँथर' हे नाव तिकडूनच घेतलं. त्या अमेरिकेत लुइझियाना म्हणून राज्य आहे. मिसिसिपीच्या काठाला उसाचे मळे आणि मळ्यात मालकांच्या पांढऱ्या खांबांच्या हवेल्या. तिकडेही तिकीट लावून हवेल्या दाखवतात, बागा दाखवतात, तिथं लग्नंसुद्धा लावतात.

तिथल्या 'ओक अ‍ॅली' मळ्यावर आंत्वान नावाचा गुलाम माळी होता. १८४६-४७च्या हिवाळ्यात त्यानं पेकन ह्या अक्रोडासारख्या फळाच्या सोळा झाडांवर कलमं बांधली. त्याआधी ते कुणाला नीट साधलं नव्हतं. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या झाडांच्या फळांचा गौरव झाला. गौरव फळांचा, आंत्वानचा नाही. त्याचं आडनावसुद्धा उरलं नाही. नाव तेवढं उरलं, ते मालकाच्या मालमत्तेच्या यादीत: आंत्वान, वय ३८, माळी, किंमत एक हजार डॉलर.

पण त्याच काठावर 'व्हिटनी' नावाचा दुसरा ऊसमळा आहे. २०१४ साली तो लोकांना खुला झाला, तो मालकाची नाही तर गुलामांची गोष्ट सांगण्यासाठी. तिथं गुलामांची नावं दगडावर कोरलेली आहेत. ज्या वह्यांत माणसं गुराढोरांसारखी मांडली होती, त्याच वह्यांतून ती नावं वेचून काढली. मालकाच्या वहीचा आपल्या बाजूनं पुरावा केला!

आमच्या आज्यांची नावं कुठल्या वहीत शोधायची? तिथं माणसाची किंमत लावली म्हणून नाव तरी उरलं. इथं आम्ही फुकटात राबलो, जन्मानंच राबायला बांधलेले. फुकटच्या मालाची नोंद कोण ठेवतो?

आणि हे सगळं इतिहासजमा झालंय असं समजू नका. उसाचं नाव काढलंच आहे तर दिवाळीच्या पुढंमागं बीडची गावं बघा. म्हातारी आणि लेकरं मागं, बाकी गाव तोडणीला. नवराबायको मिळून एक 'कोयता'. माणूससुद्धा नाही, अवजार! आगाऊ उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस खाडा पडला तर दंड. २०१९ साली सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. तोडणीला जाणारे सगळे आपलेच नाहीत. वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठेही आहेत. पण माझ्या आजीच्या डोक्यावर सरपणाची मोळी होती, तिच्या नातसुनेच्या डोक्यावर उसाची आहे. आणि तिचं नाव आज एकाच वहीत लिहिलेलं आहे, मुकादमाच्या. नावापुढं उचलीचा आकडा.

उद्या साखर कारखान्यांच्याही सहली निघतील. चेअरमनचा बंगला दाखवतील, बगिचा दाखवतील. पाचटाची कोपी दाखवतील का?

म्हणून शहरात राहणाऱ्या दोस्तांनो, गढीवर जाऊन नुसते फोटो काढून येऊ नका. वाटाड्याच्या अंगावर जाऊ नका, तोही पोटासाठीच बोलतो. त्याला फक्त विचारा: भिंत कुणी रचली, झाडलोट कुणी केली, दाराबाहेर कोण थांबलं? त्याआधी आपापल्या घरी म्हाताऱ्यांजवळ बसा. त्यांच्या तोंडून नावं, कामं, वाटा लिहून घ्या. त्या जिवंत आहेत तोवरच हे होणार. ती वही घेऊन गढीच्या दारात उभे राहा आणि मोठ्यानं वाचा.

मी सुरुवात केली आहे. आमच्या वहीत पहिलं नाव माझ्या आजीच्या आईचं आहे. तिच्या नावापुढं आकडा नाही.

जय भीम!