शर्करेचे कवच आणि प्लीहेचा पहारा

सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकारासाठी रायपूर येथे स्वतंत्र शासकीय संस्था आहे. छत्तीसगडात या विकाराचा प्रसार किती आहे, याची त्यावरून कल्पना येते. या विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्याप्रमाणे वाकतात, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु अशा बालकास न्यूमोनियाचे भय अधिक का, हे क्वचितच सांगितले जाते.

न्यूमोकोकस या जंतूभोवती एक कवच असते. ते शर्करेच्या लांब साखळ्यांचे, म्हणजे कर्बोदकाचे असते, असे हायडेलबर्गर व एव्हरी यांनी १९२३ साली दाखवून दिले. काही श्वेतपेशींच्या पृष्ठभागावर ‘ग्राही’ नावाचे प्रथिनरेणू असतात. साखळीत तोच आकार पुनःपुन्हा येत असल्याने अनेक ग्राही एकाच वेळी तीस जखडतात. पेशी जागी होते व प्रतिपिंडे निर्माण करू लागते. प्रतिपिंडे चिकटलेला जंतू भक्षक पेशी गिळून टाकतात. रक्तातील अशा जंतूंवर मुख्य पहारा असतो तो प्लीहेचा. सिकल सेलच्या रुग्णांत प्लीहेतील सूक्ष्म वाहिन्या तुंबतात आणि हा पहारा कमीअधिक वेगाने ढिला पडत जातो. शिवाय दोन वर्षांखालील बालकाच्या पेशी नुसत्या कर्बोदकास पुरेसा प्रतिसाद देत नाहीत.

यावरील उपायाचे मूळ जुनेच आहे. कर्बोदकास प्रथिनाची जोड दिल्यास शरीर त्यास चांगली दाद देते, हे एव्हरी व गोबेल यांनी १९३१ च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. प्रथिनामुळे साहाय्यक पेशी मदतीस धावतात. याच तत्त्वावरील देशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये आणली. २०२१ मध्ये न्यूमोकोकसची लस देशभरच्या नियमित लसीकरणात समाविष्ट झाली. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि नवव्या महिन्यात देतात.

सिकल सेलच्या निर्मूलनासाठी २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली व रक्ततपासणीस वेग आला. तथापि तपासणीचे कार्ड हाती दिले म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे योग्य नव्हे. जी मुले २०२१ पूर्वीच वर्षाची झाली होती, त्यांतील अनेकांस ही लस मिळालेली नसणार. मध्य भारतात हा विकार पुष्कळदा सौम्य असतो, असा युक्तिवाद केला जातो. परंतु सौम्य कोणाचा व तीव्र कोणाचा, हे ताप येईपर्यंत कळत नाही आणि पहारा नसलेल्या शरीरात काही तासही घातक ठरतात. म्हणून निदान होताच लसीची नोंद पाहावी व ती नसल्यास वैद्याच्या सल्ल्याने लस द्यावी. रोग ओळखणे हे अर्धेच कार्य होय. बालकाचे रक्षण हे उरलेले अर्धे.