इसबाची लाज कोणीं बाळगावी?

वार्षिक अंकासाठीं वर्गावर्गाचें छायाचित्र काढण्याचा दिवस म्हणजे शाळेंतील एक लहानसा सणच होय. पुढें कोणीं बसावें, मुख्याध्यापकांच्या शेजारीं कोणीं उभें राहावें, यावरून केवढी ओढाताण चालते! यंदां त्या दिवशीं उंचीनें लहान असा एक विद्यार्थी हळूच आमच्याजवळ आला व म्हणाला, "सर, मला मागच्या ओळींत उभें राहूं द्या." मागें उभा राहिलास तर तुझें तोंडही दिसणार नाहीं, असें आम्ही म्हणणार, इतक्यांत आमची दृष्टि त्याच्या हातांकडे गेली. ऊन कडक असतां त्यानें सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या आणि बोटें मुठींत मिटलीं होतीं. आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. विचारण्याचें कारणच नव्हतें. आमच्या स्वतःच्या शाळकरी दिवसांतील एक छायाचित्र घरीं जपून ठेविलेलें आहे. त्यांत आम्हीही मागच्याच ओळींत आहों, आणि आमचे दोन्ही हात शेजारच्या मुलाच्या पाठीआड आहेत.

आम्हांस लहानपणापासून इसब होता. कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणींत, मनगटांवर आणि कधीं कधीं मानेवर तो उठे. येरमाळ्याच्या बाजूची हिंवाळ्यांतील हवा कोरडी. बालाघाटाच्या माळावरून वारा सुटला कीं कातडी फुटे. माघ-फाल्गुनांत खळ्यांवर ज्वारीची मळणी सुरू झाली कीं कूस उडे आणि अंगाची आग आग होई. वैशाखांत घाम. रात्रीं खाजवून सकाळीं पांघरुणावर रक्ताचे डाग दिसत, आणि आई कोणास न दिसतां तें धुवून टाकी. त्या वेळीं एका शिक्षकांनीं आम्हांस स्वतंत्र बांकावर बसविलें. त्यांत द्वेष नव्हता. इतर मुलांची काळजी होती. परंतु त्या बांकावर बसल्यापासून आम्हीं एक गोष्ट सोडली. प्रश्नाचें उत्तर येत असूनही आम्ही हात वर करीनासे झालों. कारण हात वर केला कीं बाही खालीं घसरे. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकांत शेरा आला, "वर्गांत लक्ष नसतें." लक्ष होतें, हात मात्र वर जात नव्हता.

हें आमचें रडगाणें म्हणून सांगत नाहीं. इसबाची खाज त्वचेला होते, परंतु त्याची लाज मुलाच्या अभ्यासाला, खेळाला व मैत्रीला लागते. आणि ही दुसरी व्याधि पहिलीहून अधिक नुकसान करते, असें आमचें मत आहे. पहिलीवर औषध करणें डॉक्टरांचें काम आहे. दुसरीवर औषध करणें आपणां सर्वांचें काम आहे.

प्रथम इसब म्हणजे काय तें पाहूं. त्वचा ही शरीराची भिंत आहे. भिंतीचा गिलावा सुटला म्हणजे फटी पडतात, तसेंच बाळपणीं होणाऱ्या इसबांत घडतें. त्वचेंतील ओलावा बाहेर निघून जातो. धूळ, कडक साबण, लोकर, घाम यांचा त्रास आंत पोहोंचतो. आणि शरीराचें संरक्षक दळ जरुरीपेक्षां अधिक चवताळून उठतें. मग खाज सुटते, खाजविल्यानें कातडी अधिक फाटते, आणि ती फाटली म्हणजे खाज पुन्हां वाढते. २००६ सालीं स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, त्वचेचा वरचा थर घट्ट बांधणारें फिलॅग्रिन नांवाचें प्रथिन ज्यांच्या शरीरांत जन्मतःच कमी बनतें, त्यांस हा विकार होण्याचा संभव अधिक असतो. ज्या घराण्यांत दमा किंवा वारंवार सर्दी-शिंका येण्याची प्रकृति आहे, त्या घराण्यांत इसबही पुष्कळदां आढळतो. म्हणजे हा अस्वच्छतेचा परिणाम नव्हे, पापाचें फळ नव्हे, आणि मुख्य म्हणजे हा स्पर्शानें लागत नाहीं. इसब असलेल्या मुलाचा हात धरल्यानें, त्याच्या पेल्यानें पाणी प्यायल्यानें किंवा त्याच्या बांकावर बसल्यानें तो कोणासही होत नाहीं.

कोणी म्हणेल, "पण कातडीचे कांहीं रोग लागतातच ना?" प्रश्न रास्त आहे. खरूज लागते, ती सूक्ष्म किड्यामुळें होते, आणि तिचें औषध घरांतील सर्वांनीं एकाच वेळीं घ्यावें लागतें. गजकर्णही लागतें, तें बुरशीमुळें होतें. म्हणूनच चट्टा पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं निवाडा करूं नये. तो डॉक्टरांना करूं द्यावा. आणि खरूज किंवा गजकर्ण निघालें तरी त्यांत लाज कसली? पायांत कांटा मोडला तर आपण तो काढतों. कांट्याबद्दल पायाला शिक्षा करीत नाहीं.

चट्टा दिसतांच आपल्या लोकांच्या मनांत जी भीति उभी राहते, तिचें मूळ जुनें आहे. तें कुष्ठरोगाच्या भीतींत आहे. त्या रोगाचे जंतु नॉर्वे देशांत हॅन्सन यांनीं १८७३ सालीं शोधून काढले. तरीही आपल्या देशांत कुष्ठरोग्यांना समाजापासून अलग ठेवण्याचा १८९८ सालचा कायदा २०१६ सालापर्यंत पुस्तकांत राहिला, आणि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें एक कारण म्हणून कायद्यांत होतें तें २०१९ सालीं वगळण्यांत आलें. वास्तविक आज कुष्ठरोग गोळ्यांनीं पूर्ण बरा होतो व त्या गोळ्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, इसब खाजतो; कुष्ठाचा चट्टा बहुधा खाजत नाहीं, तर बधिर असतो. बधिर चट्टा दिसल्यास तो लपवूं नये, लगेच दाखवावा. ज्या रोगाला औषध आहे त्याला लपविण्यासारखा दुसरा अविचार नाहीं.

बायबलांत ईयोबाची कथा आहे. त्याच्या सर्वांगावर गळवें उठलीं, आणि तो राखेंत बसून खापरीनें अंग खाजवूं लागला. त्याचे मित्र समाचाराला आले. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. पुढें त्यांनीं तोंड उघडलें आणि 'तुझें कांहींतरी पाप असलें पाहिजे' असें त्याला शिकवूं लागले, तेव्हां त्याचें दुःख दुप्पट झालें. कथेच्या अखेरीस दोष ईयोबावर नव्हे, तर त्या उपदेशक मित्रांवर ठेविलेला आहे. वर्गांत बसलेल्या एखाद्या ईयोबाशीं आपण कसे वागतों, हें प्रत्येकानें आपल्या मनाला विचारावें.

आतां उपायांविषयीं. आमच्या लहानपणीं कोणाच्या तरी सांगण्यावरून आमच्या मनगटाला बिब्बा लाविला गेला. बिब्ब्याचें तेल निरोगी कातडीलाही भाजून काढतें; मग फुटलेल्या कातडीची काय कथा! इसब पुढें कमी झाला, परंतु बिब्ब्याचा व्रण अद्याप आहे. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशांतली ती गत. आजच्या काळचा बिब्बा म्हणजे दुकानांतून चिठ्ठीवांचून आणलेलें मलम. कित्येक मलमांत स्टेरॉईड नांवाचें तीव्र औषध असतें. डॉक्टरांनीं सांगितलेल्या जागीं, सांगितलेले दिवस तें लाविलें तर इसबाला चांगला गुण येतो. मनास येईल तसें महिनोन्महिने चोळलें तर कातडी पातळ होते, आणि मुळांत गजकर्ण असेल तर तें दबून पुढें अधिकच पसरतें. म्हणूनच २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा कित्येक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. अंबाजोगाई व सोलापूर येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचे विभाग आहेत. तेथें एक दिवस घालविणें हें दहा मलमांपेक्षां स्वस्त पडतें.

रोजची काळजी साधी आहे. स्नान कोमट पाण्यानें व थोडक्यांत करावें. साबण सौम्य असावा. अंग खसखसून न पुसतां टिपून घ्यावें, आणि तें ओलसर आहे तोंच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावें. नखें कापलेलीं असावीं. अंगास लागून सुती कपडा असावा. स्वेटर घालावयाचा तर त्याच्या आंत सुती सदरा असावा. शेतांत काम करणाऱ्यांनीं गाजरगवतापासून जपावें. हें परदेशी तण १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम दिसून आलें आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. तें अंगास लागून पुष्कळांना खाजरी पुरळ उठते. इसब एकदां बरा झाला म्हणजे कायमचा गेला असें नाहीं; तो ऋतूबरोबर येतो-जातो. परंतु पुष्कळ मुलांचा इसब वयाबरोबर ओसरतो, हेंही तितकेंच खरें आहे.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलीच्या हातावर इसब दिसला कीं "लोक काय म्हणतील, पुढें लग्न कसें जमेल" असें तिच्यादेखत बोलूं नका. तिला दहा वर्षांच्या वयांत तिच्या कातडीची किंमत कळते, आणि ती कायमची मनांत राहते. डाग पडलेलें पांघरूण चोरून धुवूं नका. चारचौघांदेखत उन्हांत वाळत घाला. आमच्या आईचें प्रेम अपार होतें, तरी तिच्या त्या लपवाछपवींतूनच आपल्यांत कांहींतरी लाजिरवाणें आहे, हें आम्ही प्रथम शिकलों.

आम्हां शिक्षकांनींही आपलें कर्तव्य ओळखावें. इसब असलेल्या विद्यार्थ्यास वेगळें बसवूं नये. लांब बाह्या घालावयाच्या असतील तर घालूं द्याव्या, परंतु घालण्याची गरज वाटूं नये असा वर्ग करावा. हात धुवून तेल लावण्यास मधल्या सुटींत मोकळीक द्यावी. आणि कोणी चिडविलें तर तें हंसण्यावारीं नेऊं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं काय करावें? फार कांहीं नाहीं. खो-खोच्या पाळींत त्याला घ्यावें, डब्यांतील भाकरी त्याच्याबरोबर खावी, त्याच्या हाताकडे टक लावून पाहूं नये, आणि पाहून तोंडही फिरवूं नये.

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत येरमाळ्याला लाखों लोक येतात, आणि पालखी आमराईंत आली म्हणजे भाविक शेतांतून चुनखडीचे खडे वेचतात, हें या भागांतील प्रत्येकानें पाहिलें आहे. तेथें हजारों हात एकाच मातींत चाचपत असतात. कोणाचा हात काळा, कोणाचा भेगाळलेला, कोणाचा चट्ट्यांनीं भरलेला. कोणी कोणाचा हात तपासून पाहत नाहीं. एवढ्या गर्दीला जें साधतें, तें चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला कां साधूं नये?

त्या दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास मागच्या ओळींत उभें राहूं दिलें. बळजबरीनें पुढें ओढलेला मुलगा मनानें मागेंच राहतो, हें आम्ही अनुभवानें जाणतों. छायाचित्र झाल्यावर मात्र त्याला बाजूला बोलावून आम्हीं आपली बाही वर केली आणि कोपराची लवण त्याला दाखविली. तो कांहीं बोलला नाहीं. बराच वेळ पाहत राहिला. दुसऱ्या दिवशीं भूमितीच्या तासाला आम्हीं एक प्रश्न घातला, तेव्हां वर गेलेल्या हातांत एक हात नवा होता, आणि त्याची बाही कोपरापर्यंत घसरली होती. त्याचें उत्तर चुकलें. आम्हीं त्याला पुन्हां विचारलें.