नळाने गमावलेला विश्वास

डोंबिवलीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर सकाळी फेरफटका मारला, तर वीस लिटरच्या जारांनी भरलेले टेम्पो इमारतींसमोर उभे दिसतात. त्याच इमारतींतल्या स्वयंपाकघरांत भिंतीवर आरओ यंत्रेही टांगलेली असतात. घरोघरी वाद असतो तो एवढाच: यंत्र घ्यायचे, की जार लावायचा? वाद निरर्थक नाही. पण त्याआधीचा प्रश्न विचारणे आपण सोडून दिले आहे. ज्या नळाची पाणीपट्टी आपण भरतो, त्याचे पाणी नेमके कुठे बिघडते?

प्रथम उगमाकडे पाहू. भातसा नदीचे पाणी पिसे येथे उचलून ठाण्याला दिले जाते. कल्याण-डोंबिवली महापालिका मोहिली येथे उल्हास नदीतून पाणी घेते, तर औद्योगिक विकास महामंडळाची भिस्त बारवी धरणावर आहे. सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून वाहत आलेले हे पावसाचे पाणी मुळातच मृदू. त्यात क्षार फारसे नसतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घातलेली विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आरओ यंत्राचे मुख्य काम हे क्षार काढणे. जेथे ते आधीच कमी, तेथे हे यंत्र बव्हंशी अनावश्यक कष्ट घेते आणि एका लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी मोरीत सोडून देते. ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षारांच्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सुचवले, ते यामुळेच.

मग बिघडते कुठे? पाणी ठरावीक तासच येते. उरलेल्या वेळी जलवाहिनीत दाब नसतो आणि गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी. ती शेवटची कधी धुतली, हे किती सभासदांना सांगता येईल? म्हणजे येथे खरा धोका क्षारांचा नाही, जंतूंचा आहे. त्याला पाणी खळखळून उकळणे हा जुना उपाय पुरेसा आहे. किंवा गाळणी आणि अतिनील किरणांचे साधे यंत्र, मात्र त्याचा दिवा आणि कँडल वेळेवर बदलली पाहिजे. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी असेल, तर आधी क्षार तपासावेत आणि ते जास्त निघाले तरच आरओ घ्यावा.

बाटलीबद्दलचा विश्वास तर अधिकच भाबडा आहे. २००१ पासून बाटलीबंद पाण्याला भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे झाले. तरीही २००३ साली 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेला दिल्ली आणि मुंबईतल्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले, आणि सरकारला निकष कडक करावे लागले. २०२४ साली चिन्हाची सक्ती उठली. त्यानंतर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे पाणी 'अतिजोखमी'च्या गटात टाकले. सीलबंद बाटलीवर निदान काही देखरेख आहे. सैल झाकणाच्या थंड जारावर ती नावापुरतीच. आणि किंमत? रेल्वेचे 'रेल नीर' २०२५ पासून लिटरला १४ रुपयांना मिळते. चौघांच्या घराला दिवसाला दहा लिटर धरले, तर महिन्याचे ४,२०० रुपये झाले! जार स्वस्त पडतो खरा, पण तो कुठे भरला, कशाने धुतला, हे विचारायचे कोणाला?

या हिशेबात न बसणारी माणसेही याच शहरात राहतात. २०१५ साली २७ गावे कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. पुरेसे पाणी मात्र आले नाही. मे २०२२ मध्ये याच पट्ट्यातील संदपच्या दगडखाणीत कपडे धुण्यासाठी गेलेले एकाच कुटुंबातील पाच जण बुडून मरण पावले. त्या कुटुंबापुढे यंत्र की जार, असा पर्याय नव्हता.

नळावर ज्यांचा आवाज चालतो, तो मध्यमवर्ग यंत्र आणि जार घेऊन नळापासून दूर झाला, ही या गोष्टीतली खरी हानी आहे. उल्हासमध्ये सांडपाणी मिसळते, मोहने परिसरात जलपर्णी माजते. यावर स्वयंपाकघरात उपाय नाही. तो महापालिकेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळातच शोधावा लागेल. नळाच्या टोकाला क्लोरिनचे प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, असे मानक सांगते. ओटी चाचणीने ते दोन मिनिटांत कळते. सोसायटीने ही चाचणी दर आठवड्याला करावी, निकाल फलकावर लावावा, वर्षातून दोनदा टाक्या धुवाव्यात. आणि क्लोरिन शून्य आले, तर लेखी तक्रार घेऊन प्रभाग कार्यालय गाठावे. यंत्र घरात खुशाल असू द्या, पण नळाला जाब विचारण्याचा हक्क त्याच्या किमतीत विकू नका.